रायफलीची निगा : गरम पाण्यापासून जवसाच्या तेलापर्यंत

तुमच्यापैकी जे राष्ट्रीय छात्रसेनेत आहेत त्यांनी रायफल उघडणे, पुसणे आणि पुन्हा जोडणे हा धडा गिरवलेला असेल. शिकवणारे हवालदार जो क्रम सांगतात तो पाठ करायचा आणि तसाच करून दाखवायचा, अशी तिथली पद्धत असते. तो क्रम तसाच का, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आज आपण तोच प्रश्न विचारणार आहोत.

सुरुवात एका कोड्याने करू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकाला त्याच्या रायफलीबद्दल एक नियम शिकवला जाई. गोळीबार संपला की नळी आधी पाण्याने धुवायची. खास द्रावण मिळाले नाही तर साबणाचे गरम पाणी वापरायचे. नंतर नळी कोरडी करायची आणि सगळ्यात शेवटी तेल लावायचे. आता लोखंडाला पाणी लागले की गंज चढतो, हे पाचवीतला मुलगाही सांगेल. मग पोलादाच्या नळीत मुद्दाम पाणी का ओतायचे? सरळ तेलाचा बोळा फिरवला तर काय बिघडेल?

पुष्कळ बिघडेल. ते कसे, हे समजण्यासाठी आधी रायफल काम कशी करते ते पाहू.

एका गोळीत घडते काय?

आपण उदाहरणासाठी जी रायफल घेतली आहे तिचे नाव ‘एम-वन’. जॉन गॅरंड या तंत्रज्ञाने ती तयार केली, म्हणून तिला ‘गॅरंड रायफल’ही म्हणतात. गॅरंड मूळचे कॅनडातले. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे सरकारी शस्त्रागार होते. तेथे त्यांनी अनेक वर्षे खपून हा आराखडा सिद्ध केला आणि १९३६ साली अमेरिकन सैन्याने तो स्वीकारला. पुढे अशा पन्नास लाखांहून अधिक रायफली बनल्या. तिचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, वजन सुमारे ४.३ किलोग्रॅम आणि नळीची लांबी ६१ सेंटिमीटर.

ही रायफल अर्धस्वयंचलित आहे. म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. परंतु रिकामे काडतूस बाहेर फेकणे, पुढचे काडतूस नळीत बसवणे आणि आतली हातोडी पुन्हा ताणून ठेवणे, ही सगळी कामे रायफल आपली आपण करते. त्यासाठी लागणारी ऊर्जा कोठून येते? ती गोळीला ढकलणाऱ्या वायूंतूनच घेतलेली असते.

काडतुसाच्या बुडाशी एक लहानशी टोपी असते. तिच्यावर टोला बसला की ती पेटते, तिच्यामुळे आतली दारू पेटते आणि क्षणार्धात प्रचंड दाबाचे तप्त वायू तयार होतात. नळीतला हा दाब वातावरणाच्या दाबाच्या तीन हजार पटींहूनही वर जातो. ९.८ ग्रॅमची गोळी या दाबाने पुढे ढकलली जाते आणि नळीच्या तोंडातून सेकंदाला सुमारे ८५० मीटर वेगाने बाहेर पडते. तिची गतिज ऊर्जा तुम्ही स्वतः काढून पाहा. उत्तर सुमारे ३,५०० ज्यूल येईल.

आता खरी गंमत पाहा. नळीच्या तोंडाच्या सुमारे ४ सेंटिमीटर अलीकडे, खालच्या बाजूला एक बारीक छिद्र आहे. गोळी हे छिद्र ओलांडते तेव्हा तिच्यामागचा वायू छिद्रातून खाली असलेल्या सिलिंडरमध्ये शिरतो. तेथे एक दट्ट्या असतो आणि तो दट्ट्या एका लांब पोलादी दांड्याचे टोक असतो. वायूने दट्ट्याला धक्का दिला की हा चालक दांडा मागे सरकतो आणि बोल्टला फिरवून मागे ओढतो. बोल्ट म्हणजे काडतुसाच्या मागचे पोलादी दार, असे समजा.

छिद्र ओलांडल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंत किती वेळ लागतो? अंतर ०.०४ मीटर, वेग सेकंदाला ८५० मीटर. भागाकार केला तर उत्तर येते ०.००००४७ सेकंद, म्हणजे सेकंदाच्या एक लाखाव्या भागाची जेमतेम पाच पट. एवढ्या अत्यल्प काळात वायूला जो धक्का द्यायचा तो द्यावा लागतो. गोळी बाहेर पडली की नळीचे तोंड मोकळे होते आणि दाब झपाट्याने उतरतो.

पण दार फार लवकर उघडले तर? नळीत दाब असतानाच बोल्ट मागे आला, तर तप्त वायू मागे उसळून गोळी झाडणाऱ्यालाच इजा करतील. म्हणून गॅरंड यांनी अशी योजना केली की दांडा सुरुवातीचे काही मिलीमीटर नुसताच मागे सरकतो. त्यानंतरच त्याचा तिरकस खाचा बोल्टला फिरवू लागतो. दांड्याच्या जडत्वाचा उपयोग करून मिळवलेला हा विलंब क्षणभराचाच असतो, पण तेवढ्यात गोळी निघून गेलेली असते आणि दाब सुरक्षित पातळीवर आलेला असतो.

मागे जाताना दांडा एका लांब स्प्रिंगला दाबत जातो. गतिज ऊर्जेचे रूपांतर स्थितिज ऊर्जेत होते. मग तीच स्प्रिंग दांड्याला आणि बोल्टला पुढे लोटते व जाता जाता नवे काडतूस आत बसवते. सुमारे अर्धा मीटर लांबीची ही एकच स्प्रिंग दुसऱ्या टोकाने काडतुसांना वर उचलण्याचेही काम करते. आपल्याकडे पुढे वापरात आलेली, पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात बनलेली ७.६२ मिलीमीटरची सेल्फ लोडिंग रायफल हिची रचना वेगळी आहे. तिचा दट्ट्या नळीच्या वरच्या बाजूला असतो. पण वायूची थोडी ऊर्जा चोरून यंत्रणा चालवायची, हे तत्त्व दोन्हींत एकच.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की या रायफलीत वायू फक्त गोळी ढकलून थांबत नाही. तो बारीक छिद्रातून सिलिंडरमध्ये शिरतो, दट्ट्यावर आदळतो आणि जाईल तेथे आपली राख मागे ठेवतो. म्हणून जुन्या, हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीपेक्षा हिची निगा अधिक विचारपूर्वक राखावी लागे.

मागे काय उरते?

दारूच्या ज्वलनाने काजळी उरते, हे उघड आहे. गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण असते, त्याचाही पातळ लेप नळीत राहतो. पण या दोहोंपेक्षा घातक वस्तू येते ती त्या चिमुकल्या टोपीतून.

त्या काळच्या या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. प्रयोगशाळेत प्राणवायू तयार करण्यासाठी तुम्ही हेच द्रव्य तापवले असेल. त्याचे विघटन झाले की प्राणवायू निघून जातो आणि मागे उरते पोटॅशियम क्लोराइड. हे साध्या मिठाचे सख्खे भावंडच. प्रत्येक गोळीबरोबर या क्षाराचा अतिसूक्ष्म थर नळीत, वायूच्या छिद्रात आणि सिलिंडरमध्ये जमा होतो.

पावसाळ्यात घरच्या मिठाला पाणी सुटते, हे तुम्ही पाहिले आहे. हवेतील बाष्प शोषून मीठ ओले होते. सोडियम क्लोराइडच्या बाबतीत हे हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की घडते. पोटॅशियम क्लोराइडसाठी ही मर्यादा सुमारे ८५ टक्के आहे. कोकणात किंवा मुंबईला श्रावणात हवा किती दमट असते, हे तेथील वाचकांना सांगायला नको. पॅसिफिक महासागरातील ज्या बेटांवर अमेरिकन सैनिक लढले तेथील हवा अशीच, किंबहुना अधिकच दमट.

ओला झालेला क्षार म्हणजे विजेचे वहन करणारे द्रावण. त्याचा थेंब पोलादावर बसला की तेथे जणू एक लहानसा विद्युत्‌घट तयार होतो. एका जागी लोहाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून द्रावणात उतरतात, शेजारच्या जागी हवेतील ऑक्सिजन व पाणी ते इलेक्ट्रॉन घेतात. यातून शेवटी गंज तयार होतो. क्लोराइडचे आयन पोलादावरचा संरक्षक थर ठिकठिकाणी फोडतात. म्हणून हा गंज पृष्ठभागावर सारखा पसरत नाही, तो खोल जाऊन खड्डे पाडतो.

आता मूळ कोड्याकडे वळू. गोळीबारानंतर नळीत सरळ तेल फिरवले तर? तेलात क्षार विरघळत नाही. काजळी निघते, नळी चकचकीत दिसते, पण क्षाराचे कण तेलाच्या थराखाली तसेच दबून राहतात. तेलाचा पातळ थर बाष्पाला पूर्णपणे अडवू शकत नाही. एक-दोन रात्री गेल्या की तेलाखाली तांबूस ठिपके दिसू लागतात.

पाण्याची गोष्ट वेगळी. २० अंश सेल्सियस तापमानाच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळते, उकळत्या पाण्यात सुमारे ५६ ग्रॅम. नळीतला क्षार तर मिलिग्रॅमच्या हिशेबातला. तेव्हा पाणी त्याला सहज वाहून नेते. साबण काजळीचा तेलकट भाग सोडवतो. पाणी गरम असण्याचा आणखी एक फायदा आहे. त्याने पोलाद तापते आणि उरलेला ओलावा झटकन उडून जातो. मग कोरड्या चिंध्या फिरवायच्या आणि त्यानंतर तेल. येथे तेलाचे काम स्वच्छ पोलादाला बाष्पापासून राखण्याचे आहे. आधी अपाय करणारा क्षार काढायचा आणि मग संरक्षण द्यायचे, असा हा क्रम आहे. तो उलटा केला तर संरक्षणाचा थर शत्रूलाच मिळतो!

एका धुण्याने सगळा क्षार गेला असे धरून चालत नसत. गोळीबाराच्या दिवशी आणि त्यानंतरही सलग तीन दिवस नळी साफ करावी, अशी शिस्त होती. पुढे क्लोरेट नसलेल्या टोप्या सर्वत्र आल्या आणि हा धोका पुष्कळ कमी झाला. वायूचा सिलिंडर मात्र पहिल्यापासून गंजरोधक पोलादाचाच बनवीत. सगळ्यात जास्त मार कोठे बसणार, हे आराखडा करणाऱ्यांनी ओळखले होते.

गंजाचे खड्डे पडले म्हणून एवढे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. नळीच्या मागच्या भागात काडतूस बसते. तेथे खड्डे पडले तर झाडलेले काडतूस दाबाने फुगून त्या खड्ड्यांत घट्ट बसते. बोल्ट ते ओढू शकत नाही आणि रायफल अडकते. शत्रू समोर असताना अडकलेली रायफल म्हणजे हातातली काठीच. सैनिकाचा जीव एका पेलाभर गरम पाण्यावर अवलंबून असतो, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

उघडण्याचा क्रम

रायफल साफ करायची तर उघडावी लागते. पण त्याआधी एक काम, ज्याला जगातल्या कोणत्याही सैन्यात अपवाद नाही. रायफल रिकामी आहे याची खात्री करणे. चालक दांड्याची मूठ मागे ओढून बोल्ट उघडायचा, काडतुसांची जागा आणि नळीची मागची पोकळी डोळ्यांनी पाहायची आणि बोटानेही चाचपायची. अंधारात किंवा घाईत डोळे फसतात. तोंड नेहमी निर्धोक दिशेला. ‘रिकामीच असेल’ या समजुतीने जगात पुष्कळ जीव गेले आहेत.

उघडा बोल्ट बंद करतानाही जपावे लागते. काडतुसांना वर उचलणारी पट्टी अंगठ्याने दाबली की बोल्ट सुटतो आणि दाबलेल्या स्प्रिंगमधील सगळी ऊर्जा घेऊन पुढे येतो. अंगठा वेळेत निघाला नाही तर तो चेंगरतो. अमेरिकन सैनिकांत या दुखापतीला ‘एम-वन अंगठा’ असे नावच पडले होते! स्थितिज ऊर्जा डोळ्यांना दिसत नाही, पण ती तेथे असते, याचा एवढा ठसठशीत धडा दुसरा नसेल.

यानंतर रायफल तीन मुख्य भागांत सुटते आणि तेवढ्यासाठी एकही हत्यार लागत नाही. चापाभोवतीची लोखंडी कडी मागून उचकटून ओढली की चापाची सगळी जोडणी एका गठ्ठ्यात बाहेर येते. मग पोलादी भाग लाकडी दस्त्यापासून सुटा होतो. या कडीचे काम मोठे चतुराईचे आहे. ती एक तरफ आहे. बंद करताना ती दोन पोलादी कानांना वरच्या भागातील खाचांत अडकवते आणि पोलाद व लाकूड यांना एकमेकांवर घट्ट आवळते. स्क्रू नाही, खिळा नाही. तरफेच्या दाबाने सगळे जागच्या जागी राहते.

पुढे स्प्रिंग सोडायची, काडतुसे उचलणारे लहान भाग एक खीळ ओढून काढायचे, मग चालक दांडा त्याच्या खाचेतून मोकळा करायचा आणि शेवटी बोल्ट उचलून घ्यायचा. जोडताना हाच क्रम उलटा. या क्रमाला कारण आहे. स्प्रिंग आधी सोडली की बाकीच्या भागांवर ताण राहत नाही. ताणाखाली असलेला भाग काढू गेले की तो उडतो किंवा वाकतो. सायकल किंवा शिवणयंत्र उघडताना हेच सूत्र उपयोगी पडते. आधी ताण काढावा, मग भाग काढावा.

तेल केव्हा, ग्रीज केव्हा?

पोलादावर पोलाद घासते तेथे वंगण हवे. सुरुवातीला या रायफलीला नुसते पातळ तेल लावीत. मुसळधार पावसात मात्र एक विचित्र अडचण दिसून आली. काही वेळ भिजल्यावर दांडा आणि बोल्ट यांच्या घासणाऱ्या खाचा जणू एकमेकींना धरून बसत आणि बोल्ट मागे येईना.

कारण सोपे होते. चालक दांडा बोल्टला फिरवतो तेथे लहानशा जागेवर फार मोठा दाब पडतो. पावसाने पातळ तेल वाहून गेले की धातूला धातू भिडतो. उपाय म्हणून त्या जागी ग्रीज लावू लागले. ग्रीज म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेले तेल. पण कोणता साबण? यासाठी निवडलेले पांढरे ग्रीज कॅल्शियमच्या साबणाचे होते. विहिरीच्या कठीण पाण्यात साबण लावला तर फेस न येता पांढरा साका तयार होतो, हे तुम्ही शिकला आहात. तो साका कॅल्शियमचाच साबण. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणूनच पावसाने धुऊन जात नाही. धुणाऱ्या बाईला जो गुण तापदायक वाटतो, तोच भिजणाऱ्या सैनिकाच्या उपयोगी पडला. या ग्रीजची छोटी डबी दस्त्याच्या मागच्या पोकळीत ठेवलेली असे.

थंडीत गोष्ट उलटी होते. १९५० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात कोरियात चोसिन जलाशयाच्या परिसरात लढाई झाली, तेव्हा पारा शून्याखाली तीस अंशांच्या आसपास उतरला होता. तापमान उतरले की तेलाची श्यानता वाढते. थंडीत खोबरेल गोठते, इतर तेलेही दाट होतात, हा घरचाच अनुभव. दाट झालेले वंगण दांड्याला अडवू लागते आणि वायूची ऊर्जा त्यातच खर्ची पडते. अशा थंडीत शस्त्रांवरचे वंगण जवळजवळ पुसूनच टाकावे लागते. तेव्हा ‘भरपूर तेल लावा’ हा सल्ला सर्वकाळ खरा नाही. हवा कशी आहे, भाग कोणता आहे, हे पाहून ठरवावे लागते.

लाकडाला वेगळे तेल का?

पोलादाला लावायचे खनिज तेल लाकडाला लावीत नाहीत. ते लाकडात मुरते, कधीच वाळत नाही आणि हळूहळू लाकूड मऊ करते. दस्त्यासाठी वापरीत जवसाचे तेल आणि पुढे टंग नावाच्या झाडाच्या बियांचे तेल. ही ‘वाळणारी’ तेले आहेत.

वाळणे म्हणजे येथे उडून जाणे नव्हे. जवसाच्या तेलातील मेदाम्लांत कार्बनचे दुहेरी बंध पुष्कळ असतात. हवेतील ऑक्सिजन या बंधांशी संयोग पावतो आणि तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे जाळे तयार होते. याला बहुवारिकीकरण म्हणतात. तेलात दुहेरी बंध किती, याचे माप रसायनशास्त्रात आयोडीन मूल्याने देतात. जवसाच्या तेलाचे हे मूल्य १७० च्या वर असते, शेंगदाण्याच्या तेलाचे शंभराच्या आसपास आणि खोबरेलाचे दहाच्या आत. म्हणून जवसाचे तेल वाळून कठीण पापुद्रा धरते, शेंगदाण्याचे चिकट होऊन बसते आणि खोबरेल वर्षभर तसेच राहते.

या तेलाची गरज का, ते पावसाळ्यात फुगणारे दार सांगेल. लाकूड बाष्प शोषते आणि फुगते, उन्हाळ्यात सुकते आणि आकसते. पण सर्व दिशांना सारखे नाही. अमेरिकन अक्रोडाचे ओले लाकूड पूर्ण सुकवले तर वाढीच्या वर्तुळांना समांतर दिशेत ते ७.८ टक्के आकसते आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत ५.५ टक्के. लांबीच्या दिशेत मात्र हा फरक नगण्य असतो. समजा, दस्त्याची रुंदी ५ सेंटिमीटर आहे आणि लाकडातील पाण्याचे प्रमाण ६ टक्क्यांनी बदलले. तेवढ्याने रुंदीत सुमारे पाऊण मिलीमीटरचा फरक पडू शकतो. ज्या पोलादी भागाला हे लाकूड घट्ट आवळून धरते, त्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. पकड सैल झाली की गोळी झाडताना पोलाद दर वेळी थोडे वेगळ्या जागी बसते आणि नेम चुकतो. तेलाचा थर बाष्प पूर्ण अडवीत नाही, पण त्याची ये-जा मंद करतो.

मग लाकूड वापरावेच कशाला? एक कारण उष्णतेचे. लाकडाची उष्णतावहनक्षमता पोलादाच्या सुमारे तीनशेव्या भागाइतकी असते. गोळ्या झाडून तापलेली नळी उघड्या हाताने धरवणार नाही. तिच्यावरचे लाकडी आवरण मात्र धरता येते.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. जवसाचे तेल वाळताना उष्णता बाहेर पडते. या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर आतली उष्णता बाहेर जात नाही, तापमान चढत जाते आणि बोळा आपोआप पेट घेतो. अशा आगी सुतारांच्या कारखान्यांतून लागल्या आहेत. म्हणून या चिंध्या एकेक करून मोकळ्या हवेत पसराव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

अति निगाही घातक

आतापर्यंतचे वाचून एखाद्याला वाटेल की रायफल जितकी जास्त घासावी तितकी चांगली. ते खरे नाही.

या रायफलीची नळी मागून साफ करता येत नाही, कारण मागची वाट बंद आहे. साफ करायचा गज तोंडाकडून घालावा लागतो. तो जरा तिरका गेला की तोंडाच्या कडेला घासतो. दर वेळी थोडे थोडे पोलाद झिजते. ही कडा म्हणजे गोळीचा नळीशी शेवटचा स्पर्श. ती एका बाजूला झिजली तर मागचा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला आडवा धक्का देतो. गोळ्यांनी नव्हे तर गजाने खराब झालेल्या नळ्या जुन्या गॅरंड रायफलींत पुष्कळ आढळतात. गज सरळ धरणे आणि तोंडाला घासू न देणे, हाच त्यावर उपाय.

दट्ट्याचेही तसेच. त्यावरची काजळी काढण्यासाठी खरखरीत कागदाने घासले तर काजळीबरोबर धातूही निघतो, दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यातली फट वाढते, वायू निसटतो आणि धक्का दुबळा होतो. दस्ता वारंवार काढला-घातला तर लाकूड दबते आणि तरफेची पकड सैल पडते. म्हणून पूर्ण उघडणे गरजेपुरतेच करायचे, असा दंडक होता. कोणत्याही यंत्राची निगा राखताना घाण किती काढली याबरोबरच यंत्र किती झिजवले याचाही हिशेब ठेवावा लागतो.

करून पाहा

रायफल हे परवान्याशिवाय हात लावण्याचे साधन नव्हे. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्याने तिच्यावर बंधने घातली आहेत, आणि ती योग्यच आहेत. पण तिच्या निगेमागचे विज्ञान तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत निर्धोकपणे तपासू शकता.

पहिला प्रयोग. एका परीक्षानळीत शिवणयंत्राचे तेल आणि दुसरीत पाणी घ्या. दोन्हींत चिमूटभर मीठ टाकून हलवा आणि तासाभराने पाहा. नंतर तेलाच्या नळीत थोडे पाणी ओता आणि मिठाचे काय होते ते टिपा.

दुसरा प्रयोग. चार लोखंडी खिळे घासून स्वच्छ करा. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्याला फक्त तेल लावा. तिसरा मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवा आणि त्यावर तेल लावा. चौथाही मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवा, पण मग गरम पाण्याने नीट धुवा, कोरडा करा आणि त्यानंतर तेल लावा. तळाशी ओला कापूस ठेवलेल्या बरणीत चौघांना दोऱ्याने टांगा, झाकण लावा आणि आठवडाभर रोज निरीक्षण करा. तिसरा आणि चौथा खिळा यांच्यातला फरक विशेष पाहा.

तिसरा प्रयोग. तीन काचपट्ट्यांवर जवसाचे, शेंगदाण्याचे आणि खोबरेल तेल अगदी पातळ लावा. धूळ बसणार नाही पण हवा लागेल अशा जागी ठेवा. रोज बोटाने स्पर्श करून नोंद ठेवा. घाई करू नका, दोन आठवडे लागतील. पुसायला वापरलेली जवसाची चिंधी मात्र लगेच पाण्यात टाका.

गंज, श्यानता, तरफ, जडत्व, बहुवारिकीकरण ही सगळी प्रकरणे तुमच्या पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या पानांवर असतात. एखादे यंत्र उघडले की ती एकत्र भेटतात. म्हणून पुढच्या वेळी कोणी तुम्हाला एखाद्या यंत्राच्या निगेचा क्रम सांगितला, मग ते छात्रसेनेतले असो, शेतावरच्या पंपाचे असो की घरच्या शिवणयंत्राचे, तर तो क्रम काटेकोरपणे पाळा आणि प्रत्येक पायरीला ‘का?’ असे जरूर विचारा. कारण कळले की क्रम पाठ करावा लागत नाही. आणि परिस्थिती बदलली, पावसाऐवजी बर्फ आला, तर त्यात काय बदल करायचा हेही आपले आपल्याला सुचते.